सावरणाऱ्या चाकांचं कूळ

2020 च्या जून महिन्यात वरळी सी-फेसवर मुंबईकरांना एक नवं दृश्य दिसलं. खाकी वर्दीतले पोलीस दोन चाकांमधल्या फळीवर ताठ उभे राहून गस्त घालत होते. बसायला सीट नाही, पायाखाली ब्रेक नाही, हातात फक्त एक दांडी. शिपाई किंचित पुढे झुकला की गाडी पुढे निघे, मागे रेलला की थांबे. नेमक्या त्याच महिन्यात, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात, ही चाल जगाला शिकवणाऱ्या ‘सेगवे पीटी’ या गाडीचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर झालं. एकीकडे नातवंडाचं बारसं आणि दुसरीकडे आजीचा निरोप, असा तो योग होता.

या घराण्याचं मूळ शोधायचं तर लहानपणीचा एक खेळ आठवावा. तळहातावर काठी उभी धरायची आणि चालायचं. काठी पुढे कलली की तळहात तिच्याखाली पुढे न्यायचा, मागे कलली की मागे. या खेळातली खरी खोच थोड्या सरावानंतरच कळते. काठीला पुढे न्यायचं असेल, तर तळहात आधी किंचित मागे घ्यावा लागतो. मग काठी पुढे झुकते आणि तिला सावरत आपण पुढे जातो. काठी पडू पाहत असते आणि हात तिच्या पडण्याच्या पुढे धावत असतो. यंत्रशास्त्रात याला उलटा लंबक म्हणतात. माणसाचं चालणंही असंच असतं. आपण प्रत्येक पावलागणिक थोडे पडतो आणि पुढचा पाय टाकून सावरतो. ‘सावरणं’ या आपल्या क्रियापदात या यंत्राचं अख्खं शास्त्र सामावलेलं आहे.

तोल राखणारं वाहन बनवण्याचा ध्यास जुना आहे, पण आधीची वाट वेगळी होती. लुई ब्रेनन या आयरिश वंशाच्या संशोधकाने 1909 मध्ये इंग्लंडमधल्या गिलिंगहॅम इथे एकाच रुळावर उभी राहणारी पूर्ण आकाराची गाडी चालवून दाखवली. तिच्या पोटात वेगाने फिरणारी जड चक्रं होती आणि ती गाडीला डावी-उजवीकडे कलू देत नसत. डोंगराळ सरहद्दीवर असा रूळ टाकणं सोपं जाईल या आशेने ब्रिटिशांच्या इंडिया ऑफिसनेही त्या कामाला पैसे दिले होते. पण ब्रेनन यांची गाडी म्हणजे जड भोवरा पोटात घेऊन उभं राहणं. तळहातावरच्या काठीचा मार्ग निराळा आहे. तिथे वजन लागत नाही, जाग लागते. काठी किती कलली हे क्षणोक्षणी कळायला हवं आणि हात तेवढाच हलायला हवा. ही जाग यंत्रात आणायला लहान, स्वस्त आणि चपळ संगणक लागणार होता.

तो हाताशी आला 1980 च्या दशकात. तोक्योच्या युनिव्हर्सिटी ऑफ इलेक्ट्रो-कम्युनिकेशन्समधले प्राध्यापक काझुओ यामाफुजी यांनी दोन चाकं एकामागे एक न ठेवता शेजारी-शेजारी ठेवली, त्यांच्यावर एक उभा सांगाडा बसवला आणि तो स्वतःच्या तोलावर चालवून दाखवला. 1987 मध्ये त्यांनी या समांतर सायकलीच्या पेटंटसाठी अर्ज केला. शेजारी-शेजारी चाकांमुळे बाजूला पडण्याची भीती संपली आणि सगळा प्रश्न पुढे-मागे पडण्यापुरता उरला. त्या गाडीवर माणूस बसत नव्हता, पण घराण्याचा नाकनकाशा तिथेच ठरला.

माणूस आला तो खुर्चीतून. डीन कामेन या अमेरिकन संशोधकाने सांगितलेली आठवण अशी की, व्हीलचेअरवरचा एक तरुण फुटपाथची उंची ओलांडता न आल्याने अडकून पडलेला त्यांनी पाहिला. चाकं आहेत, हातात ताकद आहे, आणि चार बोटांची पायरी माणसाला रोखून धरते! कामेन यांच्या ‘डेका’ कंपनीने त्यावर जे उत्तर शोधलं, ते म्हणजे ‘आयबॉट’ ही खुर्ची. तिला दोन्ही बाजूंना चाकांची एकेक जोडी होती. जोडीतलं एक चाक दुसऱ्यावरून उलटून वर जाई आणि खुर्ची जिना चढे. याहून मोठी गोष्ट म्हणजे, ती मागच्या दोन चाकांवर उभी राही, बसलेल्या माणसाला वर उचले आणि त्याची नजर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेला भिडवे. जिने नाचत चढणाऱ्या फ्रेड अस्टेअर या नर्तकावरून तिला ‘फ्रेड’ हे टोपणनाव पडलं. तिच्यातूनच उभ्याने चालवायची लहान गाडी निघाली, तेव्हा अस्टेअरच्या जोडीदार नर्तकीवरून तिचं नाव ‘जिंजर’ ठेवलं गेलं. हीच पुढे सेगवे झाली.

3 डिसेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये, टीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात सेगवे जगापुढे आली. तिच्या तळाशी पाच जायरोस्कोप होते, पण ब्रेननच्या भोवऱ्यांसारखे नव्हेत. प्रत्येकात सिलिकॉनचं एक चिमुकलं कडं सतत थरथरत असे. गाडी कलली की त्या थरथरीचा आकृतिबंध सरके, आणि तेवढ्यावरून गाडी किती वेगाने कलते आहे हे कळे. तोल सांभाळायला तीनच पुरेसे होते, बाकीचे एखादा दगावला तर म्हणून. संगणक सेकंदाला सुमारे शंभर वेळा ‘कललो का?’ असं विचारी. बॅटऱ्या दोन, नियंत्रणाच्या पाट्या दोन, मोटरमध्येही तारांची दुहेरी गुंडाळी. एक बाजू बंद पडली तर दुसरीने माणसाला अलगद थांबवावं, हा त्यामागचा विचार. उभ्या माणसाला यंत्राच्या हवाली करताना अशीच काळजी घ्यायला हवी, आणि या रचनेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तरी या कुळाचा गुण आणि दोष एकच आहे. साध्या गाडीची मोटर थकली तर गाडी मंदावते. इथे मात्र मोटर दोन कामं करते. ती पळवतेही आणि उभंही ठेवते. पडणाऱ्या माणसाच्या पुढे धावायचं तर चाकाकडे नेहमी थोडा जोर शिलकीत हवा. सगळा जोर पळण्यात गेला तर सावरायला काही उरत नाही. म्हणूनच सेगवे ताशी 20 किलोमीटरच्या आसपास पोचली की दांडी आपणहून मागे ढकले आणि चालवणाऱ्याला मागे रेलायला लावी. 2003 मध्ये सुमारे 6,000 गाड्या परत बोलावाव्या लागल्या, त्याचं कारणही तेच. बॅटरी उतरलेली असताना जोर कमी पडे आणि माणूस पडे.

4,950 डॉलरची ती गाडी अपेक्षेइतकी खपली नाही. फुटपाथवर ती पादचाऱ्यांना जड आणि रस्त्यावर मोटारींपुढे नाजूक. सॅन फ्रान्सिस्कोने तर सर्वसामान्य विक्री नीट सुरू होण्याआधीच तिला फुटपाथवर बंदी घातली. मग ती पोलिसांकडे, गोदामांत आणि पर्यटकांच्या सहलींत स्थिरावली. 2015 मध्ये चीनच्या नाइनबॉट कंपनीने सेगवे विकत घेतली.

तोवर घराण्याला नवे फाटे फुटले होते. वॉशिंग्टन राज्यातल्या शेन चेन यांनी आधी दोन पायांमध्ये धरायचं एकच चाक आणलं आणि मग ‘होवरट्रॅक्स’. त्यात दांडी गेली, फळी मधोमध बिजागरीने जोडली गेली आणि प्रत्येक पायाच्या कलाने त्या-त्या बाजूचं चाक फिरू लागलं. 2015 मध्ये याच्या स्वस्त नकलांचं पीक आलं आणि पोरांनी त्यांना होवरबोर्ड म्हटलं, जरी ते जमिनीवरून एक बोटभरही उचलले जात नव्हते. हलक्या प्रतीच्या लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला, विमान कंपन्यांनी बंदी घातली, आणि जुलै 2016 मध्ये अमेरिकेत 5 लाखांहून अधिक नग परत बोलावले गेले. कॅलिफोर्नियाच्या ‘वनव्हील’ या एकचाकी फळीचे सुमारे 3 लाख नग 2023 मध्ये परत मागवले गेले, तेव्हा पुन्हा जुनाच दोष पुढे आला. मर्यादेपलीकडे नेलं की फळीचं नाक जमिनीला टेकतं आणि माणूस फेकला जातो.

त्याच 2023 च्या जानेवारीत, दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत मुंबईच्या लायगर मोबिलिटीने स्वतःच्या तोलावर उभी राहणारी स्कूटर दाखवली. चाकं एकामागे एक असल्याने तिचा तोल डावी-उजवीकडचा आहे. ब्रेननचा जुना प्रश्न पुन्हा आला, या वेळी मुंबईतून. सिग्नलला पाय टेकवता न येणाऱ्या माणसाला तिचा उपयोग कळायला वेळ लागणार नाही.

सगळा वंशवृक्ष नजरेखालून घातल्यावर मला एक गोष्ट ठळक दिसते. या यंत्राचा जन्म पळण्यासाठी झालेला नाही, उभं राहण्यासाठी झाला आहे. एका जागी तोलून उभं राहायला मोटरच्या जोरातला थोडासाच अंश लागतो आणि बाकीचा सावरायला शिल्लक राहतो. वेग विकायला निघालं की तीच शिल्लक खर्ची पडते. मूळची खुर्ची मात्र व्यवहारात मागे पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये तिला मान्यता दिली, पण किंमत 20 हजार डॉलरच्या वर आणि सरकारी विमा तिच्या उभं राहण्याचे पैसे देईना, म्हणून 2009 मध्ये ती बंद पडली. दहा वर्षांनी मोबियस मोबिलिटी या कंपनीने तिला नव्या रूपात परत आणलं.

त्या खुर्चीत बसलेला माणूस दुकानाच्या काउंटरवरचं सामान स्वतः उचलतो, वरच्या फळीवरचं पुस्तक काढतो, भेटायला आलेल्याशी मान वर न करता बोलतो. त्याच्याखाली दोन चाकं अर्धा-पाऊण इंच पुढे-मागे होत राहतात, सतत, न थकता. ताशी वीस किलोमीटरच्या वेगापेक्षा ती एवढीशी हालचाल मला फार मोठी वाटते.