‘रेट्रो’ म्हणजे काय? टीमची ही मीटिंग वाया का जाते?

अनेक सॉफ्टवेअर टीम दर दोन आठवड्यांनी ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’साठी बसतात. काय चांगलं झालं, काय चुकलं याच्या चिठ्ठ्या बोर्डवर लागतात. पुढच्या वेळी पुन्हा त्याच चिठ्ठ्या! मग हळूहळू लोक बोलणंच सोडतात. असं का होतं?

ही पद्धत आली कुठून?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि ‘अजाईल मॅनिफेस्टो’ तयार झाला. त्यामागच्या १२ तत्त्वांपैकी शेवटचं तत्त्व सांगतं, की टीमने ठरावीक काळाने मागे वळून पाहावं आणि कामाची पद्धत सुधारावी. ‘स्क्रम’मध्ये काम ‘स्प्रिंट’ नावाच्या छोट्या टप्प्यांत होतं आणि प्रत्येक स्प्रिंट रेट्रोने संपतो. महिनाभराच्या स्प्रिंटसाठी रेट्रो जास्तीत जास्त ३ तासांची असते.

रेट्रो कशी घ्यावी?

एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनी २००६ मधल्या पुस्तकात ५ टप्पे सांगितले आहेत:

१. सुरुवात: प्रत्येकाला एखादं वाक्य तरी बोलू द्या.
२. माहिती: मतांआधी घटना मांडा.
३. कारणं: ‘कोणी?’ ऐवजी ‘कशामुळे?’ विचारा.
४. निर्णय: एक-दोनच बदल निवडा.
५. समारोप: काय ठरलं ते पुन्हा सांगा.

समजा, रिलीजनंतर ॲप बंद पडलं. ‘टेस्टिंग नीट केलं नाही’ म्हटलं की वाद सुरू होतो. ‘टेस्टिंगला कोड कधी मिळाला?’ विचारलं, तर तो आदल्या संध्याकाळी मिळाल्याचं कळतं. मग ‘रिलीजच्या दोन दिवस आधी नवा कोड घ्यायचा नाही’ असा नेमका नियम करता येतो.

लोक गप्प का बसतात?

भीतीमुळे. इथलं बोलणं अप्रेझलमध्ये निघणार असेल, तर कोणीच खरं सांगणार नाही. म्हणूनच नॉर्म कर्थ यांनी रेट्रोचा मूळ नियम मांडला: त्या वेळची माहिती, कौशल्य आणि परिस्थिती पाहता प्रत्येकाने शक्य तितकं चांगलं काम केलं, असं मानूनच चर्चा करायची. आधी सगळ्यांनी शांतपणे चिठ्ठ्या लिहिल्या, तर नवख्यांचं म्हणणंही समोर येतं.

सगळ्यात महत्त्वाचं काय?

ठरलेल्या प्रत्येक बदलाची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्या आणि तो पुढच्या स्प्रिंटच्या कामांतच लिहा. पुढची रेट्रो एका प्रश्नाने सुरू करा: मागच्या वेळी ठरलेलं झालं का? उत्तर ‘हो’ येऊ लागलं, की लोकही बोलू लागतात.