ज्याँ लाँग्ले : स्तोत्रांना ऑर्गनचा स्वर देणारे अंध संगीतकार

ख्रिस्तसभेच्या प्राचीन लॅटिन स्तोत्रांवर ऑर्गनसाठी रचना करणाऱ्या विसाव्या शतकातील संगीतकारांत ज्याँ लाँग्ले (१९०७-१९९१) यांचे स्थान फार वरचे आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ला फाँतनेल या खेड्यात एका पाथरवटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाच्या दुसऱ्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंध मुलांच्या राष्ट्रीय संस्थेत आंद्रे मार्शाल यांनी त्यांना ऑर्गन शिकवला. हे गुरूही अंधच होते. पुढे मार्सेल द्युप्रे यांच्या हाताखाली शिकून १९३० साली त्यांनी पॅरिसच्या संगीत विद्यालयाचे ऑर्गनवादनातील प्रथम पारितोषिक मिळविले.

अंध वादकाला ब्रेल स्वरलिपी बोटांनी वाचावी लागते. वाचणारा हात त्या वेळी वाजवू शकत नाही. म्हणून प्रत्येक रचना मुखोद्गत करणे आले. लाँग्ले यांनी स्वतःच्या रचनाही ब्रेलमध्येच लिहिल्या. १९३३-३४ मधील त्यांच्या तीन ग्रेगोरियन रचनांपैकी 'ते देउम' या आभारस्तोत्रावरील रचना जगभर वाजविली जाते. तीत स्तोत्राची एकेक ओळ एकसुरात येते आणि तिला ऑर्गनचे भरदार स्वरमेळ उत्तर देतात.

१९४५ ते १९८७ अशी बेचाळीस वर्षे ते पॅरिसच्या संत क्लोतिल्द चर्चचे ऑर्गनवादक होते. सेझार फ्रांक यांचे हेच आसन. याच काळात द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ऑर्गन व ग्रेगोरियन गायनाचा गौरव केला आणि लोकभाषेलाही दार उघडले. प्रत्यक्षात लॅटिन गायन मागे पडले. लाँग्ले यांनी फ्रेंच भाषेतही उपासनागीते रचली; तरी ही खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. मराठीतून ख्रिस्तयाग अर्पण करणाऱ्या आपल्याला लोकभाषेचे मोल ठाऊक आहे, परंतु ज्याचे आयुष्यच त्या स्तोत्रांवर उभे होते त्याचे दुःखही खोटे नव्हते.

१९८४ मध्ये मेंदूच्या आघाताने त्यांची वाचा व ब्रेल अक्षरे वाचण्याची शक्ती हिरावली गेली. ब्रेल स्वरलिपी मात्र ते वाचू शकत होते, वाजवीत होते आणि रचनाही करीत होते. वैद्यकीय अभ्यासकांनी या घटनेची स्वतंत्र नोंद केली आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात नळ्यांचा ऑर्गन कोठून येणार? पण लाँग्ले यांनी हार्मोनियम किंवा ऑर्गनसाठी चोवीस छोट्या रचना लिहिल्या आहेत. तो हार्मोनियम म्हणजे आपली पायपेटी. हातपेटीवर एक हात भात्यात गुंतत असल्याने त्या मूळ रूपात वाजणार नाहीत. की-बोर्डवर मात्र दोन्ही हात मोकळे राहतात.