हाताला सुचलेला खेळ : निन्टेंडोची वाटचाल

जपानमधल्या क्योतो शहरात 23 सप्टेंबर 1889 रोजी फुसाजिरो यामाउची यांनी हनाफुदा पत्त्यांचं दुकान थाटलं. हनाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचं एक फूल किंवा झाड आणि त्याचे चार पत्ते, असे एकूण 48. आपल्या पत्त्यांपेक्षा आकाराने लहान, पण जाड आणि कडक. खेळणारे ते नुसते टाकत नाहीत, खालच्या पत्त्यावर चटकन आपटतात. त्या आवाजात निम्मी मजा असते. जपानी भाषेत पत्त्यांना 'करुता' म्हणतात आणि हा शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरून आला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर पत्ते जपानला पोचले, तेव्हा त्या व्यापाराचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं आपलं गोवा होतं.

निन्टेंडोची सुरुवात अशी हातात धरायच्या आणि हाताने आपटायच्या वस्तूपासून झाली. हात हलवून खेळायचा कंट्रोलर घरच्या गेम कन्सोलवर चालेल का, हा प्रश्न पुढे अनेकांनी हाताळला. पण त्याचं उत्तर शोधताना सगळ्यात जास्त कमावलं, गमावलं आणि पुन्हा कमावलं ते या संस्थेने. म्हणून तिची वाटचाल नीट पाहण्यासारखी आहे.

पत्त्यांकडून खेळण्यांकडे

1949 मध्ये संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची यांनी ऐन विशीत कारभार हाती घेतला आणि पुढची त्रेपन्न वर्षं तो सोडला नाही. 1965 मध्ये गुन्पेई योकोई नावाचा तरुण अभियंता कंपनीत रुजू झाला. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्याचं काम. रिकाम्या वेळेत त्याने स्वतःच्या गमतीसाठी एक खेळणं केलं होतं: कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्या, इकडे मुठी जवळ आणल्या की तिकडचा पंजा लांब जाऊन वस्तू पकडतो. यामाउचींच्या नजरेला ते पडलं. त्यांनी योकोईला रागे भरलं नाही, ते विकायला काढायला सांगितलं. 1966 मध्ये बाजारात आलेल्या या 'अल्ट्रा हँड'चे दहा लाखांहून अधिक नग खपले.

योकोई यांचं एक सूत्र होतं. अगदी नवं, महागडं तंत्र वापरण्यापेक्षा जुनं, स्वस्त आणि पुरतं मुरलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधायचा. 1980 मध्ये आलेला 'गेम अँड वॉच' कॅल्क्युलेटरच्या पडद्यासारख्या साध्या पडद्यावर उभा होता. त्याच मालिकेतल्या 1982 च्या 'डाँकी काँग'वर त्यांनी डाव्या अंगठ्यासाठी अधिकच्या चिन्हासारखी कळ दिली. पुढच्या वर्षी ती निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरच्या कन्सोलच्या कंट्रोलरवर आली आणि जगभरच्या कंट्रोलरांचा तोच घाट ठरला. खेळ अंगठ्याच्या टोकावर आला आणि बाकीचं शरीर सोफ्यावर बसून राहिलं.

फसलेला हातमोजा

शरीराला खेळात ओढायचे प्रयत्न त्या काळीही झाले. 1986 मध्ये बांदाई कंपनीने फॅमिकॉमसाठी पायांनी खेळायची चटई काढली. 1989 मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीने निन्टेंडोच्या कन्सोलसाठी 'पॉवर ग्लोव्ह' विकायला आणला. हा जाडजूड करडा हातमोजा मनगटाच्या वरपर्यंत चढवायचा. टीव्हीला बसवलेले रिसीव्हर त्यातून निघणाऱ्या अल्ट्रासाउंड लहरी पकडून हाताची जागा ठरवत आणि बोटं वाकली की आतल्या पट्ट्यांना ते कळे. दिसायला झकास, पण हात हवेत धरून दोन मिनिटांत खांदा भरून येई आणि नेम लागत नसे. खास त्याच्यासाठी बनलेले खेळ अवघे दोन निघाले. बाकी सगळे खेळ अंगठ्यासाठी लिहिलेले होते, त्यांच्यावर हातमोजा वरून चढवला होता.

या फसलेल्या वस्तूने एक धडा मात्र नेमका दिला. हालचाल ओळखणारं यंत्र तयार होणं ही अर्धीच गोष्ट असते. त्या हालचालीतून खेळ सुचला नसेल, तर यंत्र अंगावरचं ओझं होतं.

निन्टेंडो या वाटेवर पुन्हा आली ती अगदी लहान पावलांनी. 2000 मध्ये हातातल्या गेम बॉय कलरसाठी कर्बी या पात्राचा एक खेळ आला. त्याच्या कार्ट्रिजमध्येच कल ओळखणारा सेन्सर होता, यंत्र तिरकं केलं की गोल कर्बी घरंगळे. 2004 मध्ये 'वारिओवेअर'च्या एका खेळात कार्ट्रिजमध्ये जायरो, म्हणजे वळणं ओळखणारा सेन्सर, बसवला. हे दोन्ही खेळ वळवण्या-झुकवण्याच्या कल्पनेभोवतीच रचलेले होते.

उतरती शिडी आणि नवा माणूस

तोवर घरच्या कन्सोलचे आकडे मात्र काळजी करायला लावणारे होते. फॅमिकॉम जगभरात 6.19 कोटी विकला गेला होता, सुपर निन्टेंडो 4.91 कोटी, निन्टेंडो 64 हा 3.29 कोटी आणि गेमक्यूब अवघा 2.17 कोटी. दर पिढीला एक पायरी खाली. त्याच वेळी सोनीचा प्लेस्टेशन 2 पंधरा कोटींच्या पार जायच्या वाटेवर होता.

2002 मध्ये यामाउचींनी सूत्रं सातोरु इवाता यांच्याकडे दिली. घराण्याबाहेरचे हे पहिले अध्यक्ष, वय 42, मूळचे प्रोग्रामर. इवातांना दिसलेला धोका सोनीपेक्षा मोठा होता. खेळ दिवसेंदिवस अवघड होत चालले होते, कंट्रोलरवरची बटणं वाढत होती आणि घरातली बाकीची माणसं ते हातातच घेत नव्हती. त्यामुळे ताकदीच्या शर्यतीत उतरायचं नाही असं ठरलं. कंपनीचे अभियंते गेन्यो ताकेदा यांच्या पथकाने लहान, कमी वीज खाणारं यंत्र आखायला घेतलं. इवातांची अट होती की त्याची जाडी डीव्हीडीच्या तीन डब्यांएवढीच हवी. कंट्रोलरला 'रिमोट'च म्हणायचं हाही त्यांचाच हट्ट. टीव्हीचा रिमोट घरातलं कोणीही बिनदिक्कत उचलतं, मग हाही तसाच उचलला गेला पाहिजे.

16 सप्टेंबर 2005 रोजी टोकियो गेम शोमध्ये इवातांनी तो पांढरा दांडा वर धरून दाखवला. त्यानंतर लावलेल्या चित्रफितीत खेळाचा पडदा नव्हताच, दिसत होती ती खेळणारी माणसं. कोणी मासा ओढतंय, कोणी भाजी चिरतंय, कोणी ढोल बडवतंय. यंत्राची ओळख माणसांच्या हातांवरून करून दिलेली होती.

वी: एक साधा चेंडू

हा कन्सोल म्हणजे 'वी'. 19 नोव्हेंबर 2006 रोजी तो अमेरिकेत 249.99 डॉलरला विक्रीस आला. रिमोटच्या पोटात काय होतं ते पाहिलं की योकोईंचं सूत्र आठवतं. एक त्वरणमापक चिप: हात कुठल्या दिशेने झटकला आणि दांडा किती कलला ते तिला कळतं. टोकाशी अवरक्त प्रकाश पाहणारा छोटा कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला नाव 'सेन्सर बार', पण तिला स्वतःला काहीच जाणवत नाही, तिच्यात दोन टोकांना अवरक्त दिवे आहेत, इतकंच. कॅमेरा त्या दोन ठिपक्यांवरून रिमोटचा रोख ताडतो. पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी काम भागतं, इतकी ती युक्ती साधी आहे.

आणि बरोबर 'वी स्पोर्ट्‌स'. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी तो यंत्रासोबतच मिळे. त्यातलं बोलिंग पाहा. मागचं बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि नेमक्या क्षणी बोट उचलायचं. चेंडू सुटतो. मनगट किंचित वळलं असेल तर तो वाटेत वळतो. हे कोणाला शिकवावं लागत नाही. लगोरीवर नेम धरणाऱ्या पोराला किंवा गोटी टाकणाऱ्या मुलीला कधी कोणी पुस्तक वाचून दाखवलेलं असतं का? हात मागे नेऊन पुढे सोडणं माणसाच्या अंगात मुरलेलं असतं. कन्सोलने पहिल्यांदाच ते अंगभूत ज्ञान पुरेसं मानलं. म्हणूनच वृद्धाश्रमांतून बोलिंगच्या स्पर्धा रंगल्या आणि फिजिओथेरपीच्या खोल्यांत हा पांढरा दांडा पोचला. मला या सगळ्या वाटचालीत हेच सर्वांत मोलाचं वाटतं: ज्यांच्यासाठी व्हिडिओ गेमचं दार बंद होतं, त्यांना संस्थेने आत बोलावलं आणि आत येताना काही शिकून येण्याची अट त्यांना घातली नाही.

लोक इतक्या जोरात हात फिरवत की मनगटाचा पट्टा तुटून रिमोट थेट टीव्हीवर जाई. डिसेंबर 2006 मध्ये कंपनीने 32 लाख पट्टे बदलून द्यायचं जाहीर केलं, दोरी 0.6 मिलिमीटरऐवजी 1 मिलिमीटर जाडीची केली आणि पुढच्या वर्षी रिमोटला मऊ वेष्टनही फुकट दिलं. हाताच्या सोयीसाठी 'झेल्डा' या साहसी खेळांच्या मालिकेतल्या नव्या खेळात तर सगळं जगच आरशासारखं उलटवलं. नायक लिंक डावखुरा, पण रिमोट बहुतेकांच्या उजव्या हातात. म्हणून वीवर तो उजव्या हाताने तलवार चालवू लागला आणि पूर्वेकडच्या गोष्टी पश्चिमेला गेल्या.

वी 10.16 कोटी विकला गेला, त्या पिढीतल्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त. 'वी स्पोर्ट्‌स' 8.29 कोटींवर पोचला. 2007 मध्ये वजन आणि तोल मोजणारी पाटी घेऊन आलेला 'वी फिट' 2.27 कोटी घरांत गेला.

ओहोटी

यश दिसताच बाकीचेही धावले. सोनीने 2010 मध्ये डोक्यावर चमकता गोळा असलेला 'मूव्ह' आणला. नेमकेपणात तो वीच्या मूळ रिमोटपेक्षा सरस होता, पण ज्याच्यासाठी घराघरांत गर्दी व्हावी असा खेळ त्याच्याजवळ नव्हता. पुढे 2016 मध्ये सोनीच्या व्हीआर संचाबरोबर त्याला खरा उपयोग सापडला. मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'ने कंट्रोलरच काढून टाकला, कॅमेराच अख्खं शरीर पाही. पहिल्या 60 दिवसांत 80 लाख नग गेले. पण त्याला समोर मोकळी खोली लागे, आणि हातात धरायला काहीच नसल्यामुळे चेंडू सुटल्याचं हाताला जाणवत नसे. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हा कन्सोल किनेक्टसकट 499 डॉलरला सक्तीने विकला गेला. पुढच्याच वर्षी किनेक्टशिवायचा कन्सोल 399 डॉलरला काढावा लागला. 2017 मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबलं.

निन्टेंडोही चुकली. वीच्या रिमोटला जोराचा झटका कळे, पण मनगटाची बारीक फिरकी नीट कळत नसे. ती उणीव जून 2009 मध्ये 'मोशनप्लस' या जायरोच्या जोडणीने भरून निघाली, पण उशिरा. तोवर बाजारात असे कितीतरी खेळ आले होते, ज्यांत एका बटणाचं काम रिमोट हलवण्यावर ढकललेलं होतं. उडी मारायला हात हलवा, दार उघडायला हात हलवा. पॉवर ग्लोव्हचाच रोग, उलट्या बाजूने. लोकांचे रिमोट कपाटात गेले. मार्च 2012 ला संपलेल्या वर्षात कंपनीला मोठा वार्षिक तोटा झाला. 2012 मध्येच पुढे आलेला नवा कन्सोल वी यू जेमतेम 1.36 कोटी विकला गेला. 2014 मध्ये इवातांनी स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला. 11 जुलै 2015 रोजी वयाच्या 55 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

हालचाल परत आली, न गाजावाजा करता

त्यांच्या निधनाच्या दीडेक महिना आधी वी यूवर 'स्प्लॅटून' आला होता. रंगाच्या पिचकाऱ्यांची ही लढाई. ढोबळ नेम अंगठ्याने धरायचा आणि शेवटचा बारीक फरक कंट्रोलर किंचित वळवून साधायचा. अंगठा आणि मनगट यांची ही विभागणी जमली. ज्याला नको, त्याने जायरो बंद करावा, ही मोकळीकही होती.

3 मार्च 2017 रोजी आलेल्या 'स्विच'ने हीच समज पुढे नेली. त्याच्या दोन्ही कंट्रोलरांमध्ये, म्हणजे जॉय-कॉनमध्ये, त्वरणमापक आणि जायरो आहेत, पण जाहिरात झाली ती कन्सोल घरी आणि बाहेर दोन्हीकडे चालतो याची. हालचाल हा कंट्रोलरचा एक नेहमीचा गुण झाला. जिथे शोभेल तिथेच ती पुढे आली. 2019 च्या 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर'मध्ये एक जॉय-कॉन बसवलेलं, दाबता येणारं वर्तुळ हातात घ्यायचं, दुसरा जॉय-कॉन मांडीला बांधायचा आणि जागच्या जागी धावत व्यायाम करायचा. दीड कोटींहून अधिक लोकांनी तो घेतला. 2011 मधला वीवरचा 'झेल्डा' मालिकेतला 'स्कायवर्ड स्वॉर्ड' पूर्णपणे हातातल्या तलवारीवर बेतलेला होता. 2021 मध्ये तो स्विचवर आला, तेव्हा बटणांनी खेळायची सोय आवर्जून दिली. स्विच 15 कोटींच्या वर गेला. जून 2025 मधल्या स्विच 2 मध्येही हे सेन्सर आहेत आणि जॉय-कॉन आडवा ठेवून माउससारखा सरकवताही येतो.

तेव्हा हात हलवून खेळायचा कंट्रोलर कन्सोलवर चालतो का? या संस्थेने तो एकदा सर्वांच्या पुढे ठेवून 10 कोटी घरांत नेला आणि नंतर एका कोपऱ्यात ठेवून त्याहूनही जास्त घरांत टिकवला. जिथे शरीराला आधीच येणारी हालचाल खेळाचं बीज होती, तिथे तो रुजला. जिथे बटणाची जागा हिसकावून घ्यायला आणला, तिथे तो थकवून गेला.

क्योतोजवळच्या उजी शहरात पत्ते बनवण्याचा कंपनीचा जुना कारखाना होता. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे निन्टेंडोचं संग्रहालय उघडलं. पाहुण्यांना तिथे हनाफुदाचे पत्ते स्वतः करून बघता येतात. दुसऱ्या दालनात समोरून चेंडू सरकत येतात आणि हातात योकोईंचा अल्ट्रा हँड असतो. तो कसा वापरायचा हे कोणाला विचारावं लागत नाही. मुठी जवळ आल्या की पंजा पुढे जातो आणि चेंडू पकडतो.