स्टेपनी, जॅक आणि दगड

ट्रकला लटकवलेल्या जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो, ते मुळात वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचे नाव. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढले. तोवर चाक पंक्चर झाले की मोटारीचा धनी रस्त्याकडेला टायर सोलत बसे! १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला. हाडांना आराम मिळाला आणि पंक्चरची पीडा मागे लागली.

जॅकचे घराणे याहून जुने. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितले. १७९५ साली जोसेफ ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याने त्याच तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. म्हणून तर आज एखादे पाप्याचे पितरदेखील अंगणात दांडा हलवून ट्रक उचलते.

पण उचलणे वेगळे आणि धरून ठेवणे वेगळे. जॅकमधले तेल गळते ते काही आगाऊ कळवून नव्हे! तेव्हा माल उतरवावा, जागा सपाट नि टणक बघावी, हँडब्रेक ओढावा, बाकीच्या चाकांना पुढूनमागून दगड लावावेत. नट सैल करावेत ते चाक जमिनीवर असतानाच. ॲक्सलखाली भक्कम लोखंडी घोडी दिल्याशिवाय खाली डोके घालू नये. नवे चाक चढले की समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत.

या साऱ्या इतिहासात दगडाचे पेटंट तेवढे कुणी घेतले नाही. पण माणूस हात धुऊन जेवायला बसतो, त्यात त्या बिचाऱ्याचीही पुण्याई असते.