सोलापुरांतलें गलबत



सोलापुरास समुद्र नाहीं. आमच्याकडे पाणी म्हणून जें डोळ्यांस दिसतें तें सिद्धेश्वराचें तळें आणि हिप्परग्याचा तलाव. उन्हाळ्यांत तेंही आटत आलेलें. अशा गांवच्या एका गृहस्थानें सुमारें पावणेतीनशें वर्षांपूर्वीं जळून गेलेल्या मराठी आरमारांतील एक गलबत लांकडाचें करून दिवाणखान्यांत मांडावें, हें ऐकून पुष्कळांस हंसूं येतें. माझ्या घरच्या मंडळींसही तें येतें. "माणसांस बसावयास जागा नाहीं आणि यांचें आरमार वाढतें आहे," हा अभिप्राय मीं अनेक वर्षें ऐकला आहे.

तथापि सोलापूर आणि जहाज यांचा कांहींच संबंध नाहीं असें कोणी म्हणूं नये. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून विलायतेस निघालेली 'लॉयल्टी' ही आगबोट त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीची; आणि १४ मार्च १९४८ रोजीं विशाखापट्टणास पाण्यांत उतरलेली 'जलउषा' त्याच कंपनीच्या गोदींत बांधलेली. माझ्या छंदाचा उगम मात्र इतका थोर नव्हे. तो मागाच्या धोट्यांत आहे. धोटा ज्यांनीं हातांत घेऊन पाहिला असेल त्यांस ठाऊक आहे कीं, दोन्ही टोंकांस निमुळता आणि मध्यें पोकळ असा तो कठीण लांकडाचा तुकडा थेट होडीसारखा दिसतो. लहानपणीं आम्ही मुलें मोडके धोटे पाण्यांत सोडीत असूं. ते बहुधा कुशीवर पडत. कां पडतात, हा प्रश्न तेव्हांपासून मनांत राहिला.

जहाजाचा नमुना करणें हा पोरखेळ आहे असें समजण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत ग्रिनिच येथील संग्रहालयांत सतराव्या-अठराव्या शतकांतले लढाऊ जहाजांचे नमुने ठेविले आहेत. त्यांतले पुष्कळसे मूळ जहाजाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे, म्हणजे एका फुटास पाव इंच या प्रमाणाचे आहेत. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांच्या कैदेंत पडलेल्या फ्रेंच लोकांनीं तर खाण्यांतून उरलेल्या हाडांचीं जहाजें कोरलीं आणि विकून चार पैसे मिळविले.

ज्यांस विलायती पद्धतीचें जहाज करावयाचें आहे त्यांचें काम सोपें असतें, कारण त्यांस नकाशे मिळतात. आपल्या मुंबईच्याच गोदींतलें उदाहरण घ्या. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारी सागवानाचें 'त्रिंकोमाली' हें जहाज बांधलें, तें १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें आणि आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाहावयास मिळतें. त्याचे आराखडे विलायतेहून 'जावा' नांवाच्या जहाजावरून येत होते. तें जहाज डिसेंबर १८१२ मध्यें ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकनांच्या हातीं सांपडून नष्ट झालें, आणि आराखडे त्याबरोबर गेले. मग दुसरी प्रत आली व तिच्यावरून काम झालें. आराखडा बुडाला तरी त्याची दुसरी प्रत असते, हें त्या राज्याच्या बळाचें एक गमक मला वाटतें.

आमच्या गलबताची पहिली प्रतही नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. लांकूड कोठून घ्यावें, रयतेच्या आंबा-फणसास हात कां लावूं नये, हें त्यांत मोठ्या आस्थेनें सांगितलें आहे. परंतु गलबताच्या फळीफळीचीं मापें त्यांत सांपडत नाहींत. तीं सुताराच्या डोक्यांत असत. आणि प्रत्यक्ष जहाजें म्हणावीं तर तीं फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या खाडींत जळालीं. पेशव्यांशीं संगनमत करून ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह तुळाजी आंग्र्यावर चालून आले. पूर्वीं आंग्र्यांनीं कंपनीकडूनच जिंकून घेतलेल्या एका जहाजावर इंग्रजांचा गोळा पडला, त्यानें पेट घेतला, आणि जवळजवळ बांधून ठेविलेल्या गुराबांवर व गलबतांवर आग पसरत गेली. गोदींत बांधणीवर असलेलें जहाजही वांचलें नाहीं. तुळाजीचा अपराध कसाही असो, आपलें आरमार परक्याच्या हातून जाळविण्यांत पेशव्यांनीं काय मिळविलें, हें मला आजवर समजलेलें नाहीं.

मग आधार कोणाचा? सांगावयास संकोच वाटतो, पण आधार शत्रुपक्षाच्याच लेखकाचा. रॉबर्ट ऑर्म हा कंपनीचा नोकर. त्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७६३ सालीं छापला गेला. त्यानें गुराब व गलबत यांचें वर्णन असें बारकाईनें केलें आहे कीं, डोळे मिटून वाचलेलें ऐकावें तर जहाज समोर उभें राहावें. गुराब रुंद, उथळ पाण्यांत चालणारी; तीन काठ्यांची असली तर सुमारें तीनशें टनांची, दोन काठ्यांची असली तर दीडशेंच्या आंतली. तिची नाळ पुढें लांब निघालेली, आणि त्या नाळेवरील तक्तपोशीस कठडा नाहीं, कारण समोरच्या लाटेंत ती सारखी डुबे व पाणी आडकाठीवांचून वाहून जाणें जरूर असे. गलबत त्याच घडणीचें पण लहान, सत्तर टनांहून क्वचितच मोठें. काठ्या दोन, पुढच्या काठीवर एकच भलें मोठें त्रिकोणी शीड, त्याचें टोंक काठीच्याही वर गेलेलें. वजन हलकें राहावें म्हणून वरची तक्तपोशी चिरलेल्या बांबूची. आणि वल्हीं चाळीस ते पन्नास.

ह्या वर्णनावरून मीं कामास आरंभ केला. प्रमाण ग्रिनिचचेंच धरलें, फुटास पाव इंच. सागवान एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईंतून मिळालें. असें जुनें लांकूड पिळत नाहीं. बांबूची तक्तपोशी मला अवघड वाटली होती, परंतु आमच्या बुरुडानें एका दुपारींत काडीएवढ्या कामट्या काढून दिल्या आणि पैसे घेतांना विचारलें, "एवढी बारीक चटई उंदरांसाठीं काय?" दोरांची तर सोलापुरांत ददात नाहीं. मात्र शिवणाचा दोरा तसाच वापरला तर नमुन्यावर तो केसाळ सुतळीसारखा दिसतो. तीन पदर पिळून, मेणावरून ओढून, चहाच्या पाण्यांत बुडविल्यावर त्यास काथ्याच्या दोराची कळा येते. शिडास चादरीचें कापड चालत नाहीं, वीण मोठी दिसते; जुनें झिजलेलें मलमल उत्तम.

लांबी किती धरावी, येथें मी फसलों. ऑर्म टन सांगतो, फूट सांगत नाहीं. अंदाजानें मीं साठ फूट धरलें. म्हणजे नमुना पंधरा इंचांचा. कणा बसला, फासळ्या बसल्या, फळ्या ठोकून झाल्या. मग वल्हीं लावावयास बसलों. चाळीस वल्हीं म्हणजे एका बाजूस वीस. वल्हें ओढणारा माणूस पुढें वांकतो व मागें रेलतो; त्याला व त्याच्या पुढच्यास मिळून दर वल्ह्यामागें तीन फूट तरी अंतर लागतें. वीस त्रिक साठ! सबंध गलबत नाळेपासून सुकाणूपर्यंत वल्ह्यांनींच भरून गेलें. काठी, तोफा, तांडेल यांस उभें राहावयास ठाव उरला नाहीं. मीं दोन दिवस वल्हीं जवळजवळ सरकवून पाहिलीं, नंतर निमूटपणें तें पंधरा इंचांचें गलबत मुलांस खेळावयास दिलें. दुसरें केलें तें वीस इंचांचें, म्हणजे ऐंशी फुटांचें. वल्ह्यांची एकच ओळ होती असें गृहीत धरलें तर मोठ्या गलबताची लांबी याहून फारशी कमी नसावी, असें मला आतां वाटतें. हें मला ग्रंथ वाचून कळलें नसतें. तो आंकडा माझ्याही डोळ्यांखालून दहा वेळां गेला होता, परंतु चाळीस वल्हीं हातानें बसवावीं लागेपर्यंत त्याचा अर्थ लागला नाहीं.

ह्याच मार्गानें आतां मोठीं माणसेंही चाललीं आहेत, हें सांगावयास आनंद वाटतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत तीन काठ्यांच्या जहाजाचें चित्र आहे. त्याच्या आधारें आपल्या नौदलानें काथ्याच्या दोरानें फळ्या शिवलेलें, खिळ्यांवांचूनचें जहाज गोव्यांत बांधविलें. चित्र तें चित्र. त्यांत फासळ्या दिसत नाहींत आणि पाण्याखालचा भागही दिसत नाहीं. म्हणून मद्रासच्या आय.आय.टी.मध्यें आधीं लहान नमुना पाण्यांत घालून त्याची परीक्षा केली. मे २०२५ मध्यें कारवार येथें 'कौंडिण्य' या नांवानें तें नौदलांत दाखल झालें. मराठी गलबताच्या वांट्यास असा योग अद्याप आलेला नाहीं. चित्रकारानें काढलेल्या पांचव्या शतकाच्या जहाजास जें साधलें तें ज्याचें इतकें तपशीलवार वर्णन छापलेलें आहे त्या अठराव्या शतकाच्या गलबतास कां साधूं नये?

असो. माझें वीस इंची गलबत पुरें झालें असें मी समजत होतों. काठीच्या दोन्ही बाजूंस तीन तीन दोर ताणून, कप्प्यांत ओवून, पक्क्या गांठी मारून डिंकानें बसविले होते. विलायती जहाजांच्या चित्रांत असेंच असतें. मागें कोंकणांत जाणें झालें तेव्हां त्याचें छायाचित्र बरोबर नेलें आणि विजयदुर्गास एका म्हाताऱ्या तांडेलास दाखविलें. त्यानें तें दूर धरून पुष्कळ वेळ पाहिलें. मला वाटलें, स्तुति येणार. तो म्हणाला, "वारो फिरलो, मगे?"

मला कांहींच बोध झाला नाहीं. तेव्हां त्यानें विडीचें बंडल खालीं ठेवून, एका काटकीस रुमालाचें टोंक बांधून मला दाखविलें. त्रिकोणी शिडाची आडवी काठी ही डोलकाठीच्या एका अंगास असते. वारा दुसऱ्या बाजूनें घ्यावयाचा झाला कीं ती आडवी काठी डोलकाठीलगत उभी करून, शिडासकट पुढून फिरवून पलीकडे न्यावी लागते. त्या वेळीं ज्या बाजूनें वारा येतो तिकडचे दोर ताणावयाचे आणि शीड ज्या बाजूस जातें तिकडचे सोडावयाचे. दोन्हीकडचे दोर कायमचे आवळून टाकले तर शीड अडकतें. "तांडेलबाबा, म्हणजे माझें गलबत एकाच वाऱ्याचें?" मीं विचारलें. "होय तर," तो म्हणाला. "जातला बरा. परततला कसा?"

घरीं आल्यावर डिंक ओला करून एका बाजूच्या तिन्ही गांठी सोडविल्या आणि त्या जागीं सुटणाऱ्या फांशी घातल्या. त्या बाजूचे दोर आतां ढिले लोंबतात. त्या अंगास शीड फुगलेलें आहे. काम पुरें होऊन बरेच दिवस झाले. परंतु घरीं येणारे पाहुणे गलबताभोंवतीं एक फेरी मारतात, त्या ढिल्या दोरांकडे पाहतात आणि मोठ्या सहानुभूतीनें विचारतात, "एवढें बांधावयाचें राहिलें आहे वाटतें?"