नागपूरकर भोसल्यांच्या बंगाल स्वाऱ्यांची साधने

नागपूरचे पहिले रघूजी भोसले यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालच्या सुभ्यावर केलेल्या स्वाऱ्यांविषयीचे साहित्य मराठी, बंगाली, फार्सी व इंग्रजी भाषांत विखुरलेले आहे. मराठी वाचकाने यादव माधव काळे यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (१९३४) या ग्रंथापासून आरंभ करणे सोयीचे ठरते. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची बखर वाचनीय असली, तरी ती रेसिडेंट जेंकिन्स यांच्या काळात, म्हणजे घटनांनंतर दोन पिढ्यांनी लिहिली गेली; तिच्यातील तपशील गो. स. सरदेसाई संपादित पेशवे दप्तरातील पत्रांशी ताडून पाहावे लागतात.

केवळ मराठी साधनांवर विसंबल्यास मात्र चौथाईच्या हक्काची बाजू तेवढी कळते. गंगाराम यांचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे समकालीन बंगाली काव्य ‘बर्गी’, म्हणजे मराठी बारगीर, यांनी केलेली जाळपोळ, स्त्रियांवरील अत्याचार आणि गाव सोडून पळणारी रयत यांचे चित्र उभे करते. भास्करराम कोल्हटकर यांच्या १७४४ मधील वधापाशी ते थांबते. त्याची चौकट पौराणिक आहे; म्हणून त्यातील रयतेचे हाल खोटे ठरत नाहीत. डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्ता यांचा इंग्रजी अनुवाद १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. नवाबाच्या बाजूसाठी गुलाम हुसेन यांचा फार्सी ‘सियर-उल-मुताखरीन’ आणि कालिकिंकर दत्त यांचा अलीवर्दीखानावरील इंग्रजी ग्रंथ पाहावा. १७५१ च्या तहाने भोसल्यांना बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये ठरले.