चार ओळींचा सातबारा

रोहा स्थानक सोडून गाडी दक्षिणेकडे निघते तेव्हा खिडकीतून काहीच वेगळे दिसत नाही. कागदोपत्री मात्र मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. रूळ तेच, खडी तीच, बदलते ती फक्त नोंद. रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावात ज्यांनी सातबाऱ्यावरून भावकीत लागलेली भांडणे पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हार्ड डिस्कचे पार्टिशन म्हणजे अशीच एक नोंद असते.

मराठीत पार्टिशनला दोन शब्द आहेत, फाळणी आणि वाटणी. उर्दूत दोन्हींना तक्सीमच म्हणतात. संगणकाला लागू पडतो तो वाटणी हाच शब्द, कारण यात छप्पर एकच राहते.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित पाठिंबा संपला. आखातातून भावाने किंवा मामाने आणलेला, अजून धडधाकट असलेला लॅपटॉप विंडोज 11च्या अटींत बसत नाही, म्हणून अनेक घरांत लिनक्सचा विचार सुरू झाला. विंडोजही राहू दे, शेजारी लिनक्सही येऊ दे, अशी इच्छा असते. आणि इन्स्टॉल करताना मध्येच एक पडदा येतो, ज्यावर चुकीच्या ओळीवर बोट पडले तर निकाहचे फोटो, मुलांचे दाखले, गेलेल्या माणसांचे आवाज, सगळे जाऊ शकते. त्या पडद्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला की अडचण कुठे आहे ते लवकर सापडते.

मार्च 1983मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक आणला. त्यात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस 2.0. डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटच्या तुकड्यात दोन गोष्टी ठेवल्या गेल्या. 446 बाइटमध्ये संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम, आणि 64 बाइटमध्ये वाटणीची नोंद. एका हिश्शाला 16 बाइट, म्हणजे एकूण हिस्से चारच. उरलेले दोन बाइट म्हणजे तलाठ्याचा शिक्का समजा. गंमत अशी की ही सोय मुळात एका डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणूनच होती. आज आपण ज्याला आडवाटेचा उद्योग समजतो, तो पार्टिशनचा मूळ हेतू आहे.

लिनक्स जन्मालाच आले ते शेजारी म्हणून. 1991मध्ये लिनस टोरवाल्ड्सच्या संगणकावर मिनिक्स होते आणि त्याच्याच आधाराने तो आपली सिस्टिम लिहीत होता. एकदा मोडेमला द्यायचा डायल करण्याचा आदेश त्याने हार्ड डिस्कलाच दिला आणि मिनिक्सचा हिस्सा खराब झाला. मिनिक्स पुन्हा टाकण्याऐवजी तो पूर्णपणे लिनक्सवर आला. चुकीच्या डिस्कचे नाव टाइप करणारे आपण पहिले नाही, एवढा दिलासा यातून घ्यायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकात लिलो नावाचा बूट लोडर होता. तो सुरू होताना आपल्याच नावाची अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवायचा, आणि जिथे अडकला तिथे थांबायचा. ‘एल’ आणि ‘आय’ येऊन गाडी थांबली, की पहिला टप्पा झाला पण दुसरा सुरू होईना, एवढे कळे. बऱ्याचदा कारण असे की जुन्या बायोसला डिस्कच्या 1024 सिलिंडरपलीकडचे वाचता येत नसे, आणि लिनक्सचा हिस्सा नेमका त्यापलीकडे पडलेला असे. त्यावर उपाय म्हणून बूटच्या फायलींना डिस्कच्या सुरुवातीलाच छोटी वेगळी जागा देण्याची पद्धत पडली. कारण संपले, पद्धत बरीच वर्षे टिकली.

चार ओळींची अडचण सर्वांत जास्त जाणवली ती विंडोज 7च्या काळात. काही कंपन्यांचे लॅपटॉप दुकानातून येतानाच चारही ओळी भरून येत. बूटचा हिस्सा, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि कंपनीची स्वतःची साधने. मग डिस्कवर 100 गिगाबाइट मोकळी असूनही लिनक्सचा इन्स्टॉलर ती जागा निरुपयोगी म्हणून दाखवायचा. लोक इन्स्टॉलरला शिव्या द्यायचे. जमीन पडून होती, फक्त सातबाऱ्यावर पाचवी ओळ लिहायला जागा नव्हती. एका ओळीला एक्सटेंडेड करून तिच्या पोटात अनेक हिस्से पाडण्याची युक्ती 1987च्या डॉस 3.3पासून होती, पण त्यासाठीसुद्धा आधी एक ओळ रिकामी हवी.

आपल्या रायगड जिल्ह्यातही याच सुमाराचा एक किस्सा आहे. 2007मध्ये कर्जत तालुक्यातील खैराटच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ लॅपटॉप मिळाले. भारतातील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच, 1 गिगाबाइटची फ्लॅश मेमरी होती आणि तिच्यावर लिनक्स. पुढच्याच वर्षी या लॅपटॉपवर विंडोज एक्सपीही चालवण्याची घोषणा झाली, तेव्हा ती त्या जागेत मावेना आणि वेगळ्या मेमरी कार्डाची सोय करावी लागली. दुसरी सिस्टिम लिनक्सच्या दारात पाहुणी म्हणून आल्याचे हे विरळ उदाहरण.

2012मध्ये विंडोज 8सोबत यूईएफआय आणि जीपीटी ही पद्धत घरोघरी पोचली. जीपीटीत साधारणपणे 128 नोंदींची जागा असते आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. जागेचे भांडण मिटले, दारावरचा पहारा मात्र वाढला. आजच्या बहुतेक तक्रारी तिथल्याच आहेत. इन्स्टॉलरला विंडोज दिसत नसेल, तर पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला आहे का ते पाहा. दोन्ही सिस्टिम एकाच पद्धतीने सुरू व्हायला हव्यात. डिस्कच दिसत नसेल, तर बहुधा ती इंटेलच्या आरएसटी व्यवस्थेखाली आहे. ती बदलण्याआधी विंडोजला सेफ मोडची तयारी द्यावी लागते, नाहीतर विंडोजच उठत नाही. लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नसेल, तर विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण त्यात संगणक बंद केला तरी विंडोज अर्धवट झोपलेलेच असते. आणि सी ड्राइव्ह लहान करायचे काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावे, वाटणी मूळ मालकाच्या हातून झालेली बरी.

तरीही 13 ऑगस्ट 2024च्या विंडोज अपडेटने शेजारी नीट नांदणारी लिनक्स अनेक संगणकांवर सुरू होऊ दिली नाही. दोन सिस्टिम असलेल्या संगणकांना हा बदल लागणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते. लोकांनी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून वाट काढली. पण असे करताना बिटलॉकर चालू असेल तर विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागते. ती आधीच कागदावर उतरवून, घरातल्या सातबाऱ्याच्या फायलीत लावून ठेवा. लॅपटॉपमध्ये नको.